पाच माणसांचा पार्थेनॉन

अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर गर्दीशिवाय जायचं असेल तर ५,००० युरो पडतात. ही काळ्या बाजारातली किंमत नव्हे, ग्रीक सरकारचा दर आहे. २०२४ च्या एप्रिलपासून तिथे खास फेरी मिळते. इतरांसाठी सकाळी आठला दार उघडतं, तुमच्यासाठी सातला. किंवा रात्री आठला सगळ्यांना खाली पिटाळलं की तुम्हाला वर सोडतात. जास्तीत जास्त पाच माणसं, दोन तास, बरोबर गाईड. सईने, म्हणजे आमच्या कन्येने, हे सगळं श्टुटगार्टहून कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, 'आपण बरोब्बर पाच आहोत!'

पाच म्हणजे मी, बायको, सई, बायकोचे थोरले बंधू अण्णा आणि वहिनी. अण्णा बँकेत तपासणी अधिकारी होते. निवृत्तीनंतर तपासायला शाखा उरल्या नाहीत, म्हणून ते इतिहास तपासतात. मेसेज वाचून दोन मिनिटं झाली नसतील, त्यांचा सगळ्यांना एकत्र फोन.

"माणशी हजार युरो म्हणजे लाख रुपये झाले. सई, आत मूर्ती आहे का गं?"

"नाही मामा. मूर्ती कधीच गेली."

"छप्पर?"

"ते १६८७ मध्ये उडालं."

"मग लाख रुपये कसले घेतात?"

"बाकीचे लोक नसतात ना, त्याचे."

अण्णा गप्प झाले. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी नसलेल्या तारणावर दिलेली कर्जं पाहिली होती, नसलेल्या गोदामांतला नसलेला माल पाहिला होता. पण नसलेल्या माणसांचे पैसे उघडपणे मागणारं सरकार त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. "रोज जास्तीत जास्त किती लोकांना वर सोडतात?" त्यांनी विचारलं. सईने सांगितलं, वीस हजार. फोनवर पेन्सिलीची खरखर ऐकू आली.

"म्हणजे नसलेल्या माणसामागे पंचवीस सेंट. नगावर बघितलं तर महाग नाही."

इथून आमची सहल सुरू झाली, असं मी मानतो. विमानात बसलो ते फार नंतर.

छपराचं आधी सांगतो, कारण अण्णांनीही त्याची चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही. पार्थेनॉन हे अथीना देवीचं देऊळ. बांधकाम इसवी सनापूर्वी ४४७ मध्ये सुरू झालं आणि नऊ वर्षांत देवी आत बसली. पुढे ते चर्च झालं, मग मशीद झालं, आणि धर्म कुठलाही असला तरी इमारत मात्र बऱ्यापैकी धडधाकट राहिली. १६८७ मध्ये व्हेनिसच्या सैन्याने अथेन्सला वेढा दिला, तेव्हा तुर्कांनी दारूगोळा या देवळात ठेवला होता. २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी तोफेचा एक गोळा नेमका त्यावर येऊन पडला. दोन हजार वर्षांहून जास्त काळ टिकलेल्या इमारतीचं छप्पर एका संध्याकाळी गेलं. सेनापती मोरोसिनी याला वर उरलेली शिल्पं तरी घरी न्यावीत असं वाटलं. ती उतरवताना त्याच्या माणसांच्या हातून पडून फुटली. "तपासणीत शेरा काय लिहायचा याला?" असं म्हणून अण्णा थोडा वेळ स्वतःशीच खिन्न झाले.

खास फेरी परवडणार नाही हे सगळ्यांना पहिल्या मिनिटाला कळलं होतं. पण परवडत नाही असं म्हणणं आमच्या घराण्यात बसत नाही. परवडतं, पण 'त्यात अर्थ नाही' असं सिद्ध करावं लागतं. म्हणून सईने बाकीच्या फेऱ्यांचा तक्ता करून पाठवला. तो वाचताना लक्षात आलं की अ‍ॅक्रोपोलिसवर साधी फेरी नावाची वस्तूच विकत मिळत नाही. प्रत्येक फेरी खास. एक 'छोट्या गटाची', एक 'पहिल्या प्रवेशाची', एक 'सूर्यास्ताची', एक 'रांग टाळा', एक मुलांसाठी देवदेवतांच्या गोष्टींची, एक पुरातत्त्वज्ञाबरोबरची, आणि एक डोळ्यांवर चष्मा लावून रंगीत पार्थेनॉन बघायची. (तो मुळात रंगीतच होता. संगमरवराचा पांढरेपणा आपल्याला भव्य वगैरे वाटतो. बांधणाऱ्यांनी त्यावर निळा आणि लाल रंग दिला होता.)

'छोटा गट' म्हणजे किती, यावर कंपन्यांचं एकमत नव्हतं. कुठे आठ, कुठे चौदा, एका ठिकाणी पंचवीस. 'रांग टाळा'चं गौडबंगाल सईने उलगडलं. तिकीट आता ठरावीक वेळेचंच मिळतं आणि ऑनलाइन काढलं की तिकिटाच्या खिडकीशी उभं राहावंच लागत नाही. म्हणजे जी रांग तुमच्या वाट्याला येणारच नव्हती ती टाळून देण्याचे पैसे. "पुन्हा नसलेल्याचेच!" अण्णा म्हणाले. ग्रीक अर्थव्यवस्थेबद्दल त्यांचं मत त्या दिवशी पक्कं झालं.

आणि 'खाजगी' फेरी? तिच्यात गाईड फक्त तुमचा असतो. डोंगर सगळ्यांचा. पाच हजारवाल्या फेरीत डोंगरही तुमचा, निदान दोन तास. हा फरक वहिनींना सगळ्यांच्या आधी समजला.

"म्हणजे ते मुखदर्शन आणि हे पदस्पर्श," त्या म्हणाल्या. पंढरपूरला त्या दोन्ही रांगांत उभ्या राहिलेल्या आहेत. "पण सई, पाच हजारात हात तरी लावू देतात का गं खांबांना?"

"नाही मामी. दगडाला हात लावला की पहारेकरी शिट्टी मारतात."

"मग पाच हजार देऊनही मुखदर्शनच की!"

या वाक्यानंतर पाच हजारांचा विषय अधिकृतरीत्या बंद झाला. अर्थ नाही, हे सिद्ध झालं होतं.

आता उरलेल्यातून निवडायचं. सईने प्रत्येकाला विचारलं, तुला काय हवंय? हा प्रश्न कुटुंबात विचारू नये. बायकोला पार्थेनॉनसमोर एक असा फोटो हवा होता ज्यात दुसरं कुणी नाही. 'दुसरं कुणी'मध्ये मी धरला आहे का, हे मी विचारलं नाही. वहिनींना पायऱ्या कमी हव्या होत्या. डोंगराच्या उत्तर अंगाला २०२० पासून तिरकी चढणारी नवी लिफ्ट आहे, पण ती ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी, असं सईने सांगताच वहिनी दुखावल्या. "मला काय चालता येत नाही?" आणि जरा थांबून, "पण विचारून तर ठेव." मला सावली हवी होती. ही मागणी ऐकून सई हसली. का हसली ते वर गेल्यावर कळलं. तिथे सावली फक्त खांबांची पडते आणि ती जिथे पडते तिथे दोरी लावलेली असते.

अण्णांना वाद घालता येईल असा गाईड हवा होता. "पाठ केलेलं बोलणारा नको. मध्ये प्रश्न विचारला की पहिल्यापासून सुरू करतात ते."

आणि सईला? तिने उशिराने कबूल केलं की मराठी ग्रुपबरोबर जायचं नाही, एवढीच तिची अट आहे. वहिनींनी तोपर्यंत एका पुण्याच्या कंपनीची सहल काढून ठेवली होती. चाळीस माणसं, दोन्ही वेळ वरणभात. "गर्दी झाली तरी आपलीच की," त्या म्हणाल्या.

"मामी, चाळीस अण्णामामा?" सईने विचारलं.

वहिनींनी ती सहल मागे घेतली.

मला तेव्हाच दिसत होतं की आमच्या घराला मनाजोगती खास फेरी करायची तर पाचातून चार वजा करावे लागतील, आणि कुठले चार याच्या पाच वेगवेगळ्या याद्या निघतील. खास म्हणजे तरी काय, कुणाकुणाला बाहेर ठेवायचं तेवढं ठरवणं. जगातल्या कंपन्या परक्यांना बाहेर ठेवण्याचे पैसे घेतात. घरच्यांना बाहेर ठेवणारी कंपनी निघाली तर तिचे दर काय असतील, याचा हिशेब अण्णांनाही जमणार नाही.

त्या आठवडाभरात अण्णांनी लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि गाईड या प्राण्याचा इतिहास काढला. मला वाटत होतं हा धंदा आगबोटींबरोबर आला. छे! इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा गृहस्थ ग्रीसभर हिंडला आणि त्याने दहा खंडांचं प्रवासवर्णन लिहून ठेवलं. तेव्हाही जागोजागी गाईड होते. आर्गोसच्या गाईडांबद्दल तो लिहितो की आपण सांगतो ते सगळं खरं नाही हे त्यांना स्वतःलाही ठाऊक असतं, तरी सांगतात. त्याच्या थोडा आधीचा प्लुटार्क तर डेल्फीच्या देवळात पुजारी होता. त्याने पाहुण्यांची एक फेरी रंगवली आहे, आणि त्यातले गाईड 'जरा आटपतं घ्या' अशा विनवण्यांकडे दुर्लक्ष करून बहुतेक शिलालेख वाचून दाखवत पाठ केलेलं भाषण पुढे रेटतात. अण्णांनी हे इतक्या आनंदाने सांगितलं की त्यांना खरोखर तसाच गाईड मिळावा असं मला वाटून गेलं.

पॉसेनियसने पार्थेनॉनवर किती लिहिलंय? जेमतेम परिच्छेदभर. दर्शनी त्रिकोणांतली शिल्पं, आतली सोन्याची आणि हस्तिदंताची मूर्ती, संपलं. पुढच्या फेरीची वेळ झाली असावी.

फुकटातली खास फेरीही इतिहासात आहे. १८६७ मध्ये मार्क ट्वेन 'क्वेकर सिटी' बोटीने पिरिअस बंदरात आला, तर बोटीवर क्वारंटाइन. उतरायला बंदी. रात्री तो आणि आणखी तिघं गुपचूप किनाऱ्याला लागले, वाटेत लोकांच्या मळ्यांतली द्राक्षं खाल्ली, कुत्री मागे लागली, आणि अ‍ॅक्रोपोलिसचं दार बंद असल्याने भिंतीशी खटपट करत असताना पहारेकरी जागे झाले. मग लाच देऊन आत. चांदण्यातला रिकामा पार्थेनॉन, चार माणसं! त्याने हे पुस्तकात छापलं आणि त्यावर नावही कमावलं. अण्णांनी ही हकीगत सांगून संपवली, तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "आपण सकाळी जाऊ."

सरतेशेवटी सईने जे निवडलं ते असं: साधं तिकीट, माणशी तीस युरो (आदल्या वर्षापर्यंत वीस होतं, अण्णांच्या वहीत या वाढीपुढे उद्गारचिन्ह आहे), सकाळी आठचा पहिला प्रवेश, आणि आम्हा पाचांसाठी एक परवानाधारक गाईडबाई. परवान्याची गोष्ट पुढे कामाला येणार आहे म्हणून सांगतो. ग्रीसमध्ये कुणीही उठून गाईड होऊ शकत नाही. त्यासाठी वेगळं शिक्षण घ्यावं लागतं, परीक्षा असतात, मग परवाना मिळतो, आणि परवाना नसलेला माणूस घोळका जमवून माहिती सांगताना दिसला की हटकतात.

आठला आम्ही खालच्या दाराशी होतो. पहिल्या प्रवेशाचे आम्ही पाच जण. आणखी पहिल्या प्रवेशाचे असतील दोनेकशे. बायकोने आपल्या फोटोचा विचार करून त्यांच्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखतो. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या जिलबीकडे येणाऱ्या पाहुण्याकडे तिने तसं बघितलेलं मला आठवतं.

गाईडबाई पन्नाशीच्या, टोपी घातलेल्या, आवाज खणखणीत. दक्षिण उतारावर डायोनिससच्या रंगमंचापाशी त्यांनी थांबवलं. इथे ग्रीक नाटकं झाली, युरिपिडीसची, अ‍ॅरिस्टोफेनीसची. आता बरीचशी गवतात गेलेली दगडी बाकं. पण पुढची रांग पाहा: संगमरवरी खुर्च्या, पाठ टेकायला जागा, आणि प्रत्येकीवर कुणाची ते कोरलेलं. अमुक देवाचा पुजारी, तमुक अधिकारी. मधली, सगळ्यात नक्षीदार, डायोनिससच्या पुजाऱ्याची. अण्णांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बालगंधर्वला पहिल्या तीन रांगा राखीव असतात ना, त्याचं मूळ इथे आहे!" मी म्हटलं, निदान तिथे नाव कोरत नाहीत. "म्हणूनच भांडणं होतात," अण्णा म्हणाले.

वरच्या पायऱ्या संगमरवराच्या आहेत आणि कोट्यवधी तळपायांनी घासून त्यांना असा गुळगुळीतपणा आलाय की माणूस आपोआप नम्र होतो. टाचेच्या चपला इथे चालत नाहीत, दगडाला टवके पडतात म्हणून. वहिनी पुण्याहूनच स्पोर्ट शूज घालून आल्या होत्या, साडीवर. चढताना त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. लिफ्टचं कुणीही नाव काढलं नाही.

आणि मग तो पार्थेनॉन. मला अशा वेळी काय वाटलं ते लिहिता येत नाही आणि इतरांनी लिहिलेलं वाचवत नाही, तेव्हा सोडून देतो. गाईडबाईंनी काय दाखवलं ते सांगतो, कारण ते मी एकटा असतो तर जन्मात दिसलं नसतं. तळाच्या पायरीच्या एका टोकाशी डोळा नेला तर पायरी सरळ नाही. मधे हळूच वर आलेली आहे. खांब उभे वाटतात, उभे नाहीत. सगळे किंचित आत कललेत. ते तसेच वर वाढत गेले तर आकाशात दोन-अडीच किलोमीटरवर एकमेकांना भेटतील, म्हणाल्या. सरळ दिसण्यासाठी सगळं वाकडं केलंय. "आणि हे ठरवून?" अण्णांनी संशयाने विचारलं. सगळं ठरवून. इक्टिनोस आणि कॅलिक्रेटीस या दोघांनी. अण्णा खाली वाकून पायरीला डोळा लावायला गेले आणि पहिली शिट्टी वाजली.

मूर्तीचा विषय निघाला तेव्हा मात्र बँकेच्या तपासणी खात्याने अंमल घेतला. फिडियसने घडवलेली अथीना बारा मीटरच्या आसपास उंच, अंगाला हस्तिदंत, वस्त्रं सोन्याची. पेरिक्लीसच्या सल्ल्याने हे सोनं सुटं करता येईल असं बसवलं होतं. राज्यावर प्रसंग आला तर काढून वापरता यावं म्हणून! पुढे फिडियसवर सोनं चोरल्याचा आरोप झाला, तेव्हा तेच कामाला आलं. सोनं उतरवलं, तोललं, पुरं भरलं.

"म्हणजे देवी तारण होती," अण्णा हळूच म्हणाले. "आणि तारणाची प्रत्यक्ष पडताळणी झाली."

गाईडबाईंनी त्यात भर घातली की बांधकामाचे जमाखर्च दगडावर कोरून लोकांसमोर लावत आणि त्याचे तुकडे आजही उपलब्ध आहेत. शेजारच्या एरेक्थिऑन देवळाच्या हिशेबात तर मजुरांची मजुरी आहे, आणि नागरिक, परका रहिवासी, गुलाम, तिघांनाही त्याच कामाचा दर एक. अण्णांनी टोपी काढली. एवढ्या उन्हात. फिडियसचं पुढे काय झालं, हे त्यांना सांगू नका अशी मी गाईडबाईंना खूण केली. सोन्यातून सुटला तर देवीच्या ढालीवर स्वतःचा चेहरा कोरला म्हणून लोकांनी त्याला धरला.

इकडे बायकोच्या फोटोचं काम चालू होतं. साडेआठला घोळके वर आले. नऊला तर छत्र्या, झेंडे, कानातले रेडिओ. ती दर वेळी कुणीतरी बाजूला व्हायची वाट बघे आणि तो झाला की दुसरा येई. मधेच माणसं संपली तेव्हा परांच्या आणि क्रेन उरल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका अभियंत्याने दगड जोडायला लोखंडी सळया घातल्या, त्या गंजून फुगल्या आणि संगमरवर फुटू लागला. आता त्या काढून टायटॅनियमच्या घालतात. दुरुस्तीची समिती १९७५ ची. मूळ बांधायला नऊ वर्षं लागली होती. अण्णा यावर काही बोलले नाहीत. सरकारी कामाबद्दल त्यांना आतून एक बंधुभाव आहे.

गाईडबाईंनी बायकोची समजूत वेगळ्याच प्रकारे घातली. देवळाच्या आतल्या भिंतीवर वरून जी १६० मीटरची शिल्पपट्टी फिरत होती तिच्यावर मिरवणूकच कोरली होती, म्हणाल्या. घोडेस्वार, रथ, बळीच्या गायी, घागरी घेतलेले तरुण, उत्सवाला निघालेलं गावच्या गाव. शेकड्यांनी माणसं. हे देऊळ कधी रिकामं असावं अशी इथल्या कुणाची इच्छाच नव्हती. बायकोने नम्रपणे मान हलवली आणि विचारलं, "पण ती आता कुठेत सगळी?" जवळजवळ अर्धी लंडनला. "बघा," बायको मला म्हणाली, "त्यांनीसुद्धा गर्दी हलवली."

लंडनचं नाव निघालं आणि अण्णांनी घसा खाकरला.

एरेक्थिऑनच्या सज्ज्याशी आम्ही उभे होतो. तिथे खांबांच्या जागी सहा स्त्रिया छत डोक्यावर घेऊन उभ्या आहेत. आता आहेत त्या प्रतिकृती. मूळच्या पाच खालच्या म्युझियममध्ये आणि सहावी ब्रिटिश म्युझियममध्ये. तिला, आणि पार्थेनॉनच्या निम्म्या शिल्पांना, लॉर्ड एल्गिनने नेलं, तो तुर्की दरबारात ब्रिटिश वकील असताना, १८०१ पासून पुढे. १८१६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने ती ३५,००० पौंडांना विकत घेतली, आणि त्याचा खर्चसुद्धा निघाला नाही. गाईडबाई हे रोज सांगत असणार, तरी सांगताना त्यांचा आवाज खाली गेला.

"कुठला एल्गिन?" अण्णांनी विचारलं.

"लॉर्ड एल्गिन. टॉमस ब्रूस."

"म्हणजे सातवा. आता आठवा आणि नववा आमच्याकडून ऐका."

आणि अण्णा सुरू झाले. सातव्याचा मुलगा आठवा एल्गिन. त्याने १८६० मध्ये बीजिंगचा बादशाही उन्हाळी महाल जाळायला लावला, मग हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि १८६३ मध्ये धरमशालेला वारला. त्याचा मुलगा नववा एल्गिन. तोही व्हाइसरॉय, १८९४ ते १८९९. "त्याच्या कारकिर्दीत आमच्या पुण्यात प्लेग आला. त्याच्या कारकिर्दीत प्लेगच्या बंदोबस्ताला नेमलेल्या रँडने घराघरांत सोजीर घातले. आणि त्याच्याच कारकिर्दीत, २२ जून १८९७ च्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. आजोबांनी तुमचे खांब नेले, बाईसाहेब, नातवाच्या राज्यात आमची देवघरं विस्कटली!"

बाईंनी टोपी मागे सारली. इतक्या वर्षांत एल्गिनच्या नातवाबद्दल त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी वही काढली आणि 'रँड' कसं लिहायचं ते विचारलं. अण्णा त्या क्षणी सात वर्षांनी तरुण दिसले. त्या भरात ते कार्ल्याला गेले. लोणावळ्याजवळच्या त्या लेण्यात, दोन हजार वर्षांपूर्वी, धेनुकाकटाच्या यवनांनी खांब दान दिलेत आणि खांबांवर तसं कोरलंय. "तुमच्या माणसांनी आम्हाला खांब दिले आहेत!"

"दिलेत ना?" गाईडबाई म्हणाल्या. "मग आम्ही परत मागत नाही. नेलेलेच मागतो."

हा गाईड आपल्याला वाद घालायला पुरेल, हे अण्णांनी तिथल्या तिथे मान्य केलं. वहिनींना पाणी हवं होतं, म्हणून बाई त्यांना नळ दाखवायला घेऊन गेल्या. त्या पाच मिनिटांत जे व्हायचं ते झालं. अण्णांचं एल्गिन पुराण त्यांच्या शाखा-व्यवस्थापकांना झापायच्या इंग्रजीत चाललं होतं, आणि ते इंग्रजी लांबून ऐकू येतं. शेजारच्या घोळक्यातले दोघं वळले. मग एक जोडपं आलं. मग कानातले रेडिओ काढून आणखी काही. अण्णांना श्रोते दिसले की ते पहिल्यापासून सुरू करतात. सातवा, आठवा, नववा. नवव्यापर्यंत वीसेक माणसं जमली होती, आणि पुढे उभ्या असलेल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, यांची पुढची फेरी किती वाजता आहे, आणि ती इंग्लिशमध्येच आहे का?

शिट्टी वाजली. पहारेकरी बाई गर्दीतून वाट काढत आल्या आणि अण्णांसमोर हात पसरून म्हणाल्या, "लायसन्स."

अण्णांनी सावकाश पाकीट काढलं. त्यातून निघालं भारत इतिहास संशोधक मंडळाचं आजीव सभासदत्वाचं कार्ड. कार्डावरच्या फोटोत त्यांना केस होते. पहारेकरी बाईंनी कार्ड आधी सरळ धरलं, मग उलटं धरलं, मग उन्हाकडे धरलं. फोटोकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं. दुसऱ्या पहारेकऱ्याला हाक मारली. दोघांनी मिळून बघितलं. अण्णा मधून मधून मदत करत होते: "फाउंडेड नाइन्टीन टेन."

एवढ्यात आमच्या गाईडबाई धावत आल्या आणि ग्रीकमध्ये काहीतरी भराभर बोलल्या. पहारेकरी बाईंचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी दोन्ही हातांनी कार्ड परत केलं, अण्णांना कोपराला धरून एका दगडावर बसवलं, आणि स्वतःची पाण्याची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली. जमलेल्या लोकांतल्या कुणीतरी टाळी वाजवली. अण्णांनी मान किंचित झुकवून पाणी प्यायलं.

"काय सांगितलंत त्यांना?" मी गाईडबाईंना हळूच विचारलं.

"म्हटलं, ऊन लागलंय. सकाळपासून असंच बोलतायत."

हे आम्ही अण्णांना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे ते पाणी कार्डाला मिळालं. पुण्याला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ते मंडळात गेले आणि अथेन्समध्ये आपल्या सभासदत्वाची कशी दखल घेतली जाते, ते त्यांनी लेखी कळवलं.